मुंबई ते सिंगापूर: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईहून सिंगापूरला जायला किती तास लागतात, या साध्या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरे मिळतात आणि चारही बरोबर असतात. विमान हवेत असते साधारण पाच तास. तिकिटावर साडेपाच तासांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली, तर जाताना आठ तास आणि येताना जेमतेम तीन तास दिसतात. घराच्या उंबरठ्यापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत मोजले, तर अकरा-बारा तास सहज होतात. यांपैकी कोणता आकडा आपल्या कामाचा आहे हे ठरवले की पुढची आखणी सोपी होते. खालील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर नेमके किती आहे?

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते सिंगापूरचे चांगी विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ३,९२० किलोमीटर आहे. मैलांत ते सुमारे २,४३५ भरते, तर वैमानिक ज्या सागरी मैलांत हिशेब करतात त्यांत २,११५ च्या आसपास येते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. निरनिराळ्या ठिकाणी हा आकडा पाच-दहा किलोमीटरने कमी-जास्त छापलेला दिसतो, कारण काही जण पृथ्वी पूर्ण गोल धरून गणित करतात, तर काही जण ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेतात. शिवाय कोणी शहराच्या मध्यापासून मोजतो, कोणी विमानतळापासून. प्रवाशाच्या दृष्टीने या फरकाला काही अर्थ नाही.

ही सरळ रेषा कोणकोणत्या भागांवरून जाते?

हा प्रश्न मराठी वाचकाला विशेष रंजक वाटावा. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि सिंगापूर यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा आखली, तर ती पुण्याच्या अगदी जवळून आणि सोलापूरवरून जाते. पुढे हैदराबाद आणि कर्नूल यांच्या मधून ती आंध्र प्रदेशात उतरते आणि ओंगोलजवळ किनारा सोडते. मुंबईपासून इथपर्यंतचा टप्पा सुमारे ८६० किलोमीटरचा आहे. त्यानंतर सुरू होतो तो बंगालचा उपसागर. ओंगोलपासून निकोबार बेटांपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर खाली पाण्याशिवाय काहीही नाही. निकोबार समूहाच्या मध्यभागातील बेटांवरून ही रेषा सुमात्राच्या उत्तर टोकाच्या वरच्या अंगाने मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरते, क्वालालंपूरच्या विमानतळाच्या जवळून मलेशियाच्या भूमीवर येते आणि मलेशियाचे दक्षिणेकडील जोहोर राज्य ओलांडून सिंगापूरला टेकते.

एवढ्या लांबच्या प्रवासात नकाशावरची सरळ रेषा आणि गोलावरची सर्वांत जवळची रेषा यांत बराच फरक पडत असेल, असे अनेकांना वाटते. मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या मार्गावर तो पडतोही. येथे मात्र सगळा मार्ग विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे दोन्ही रेषांच्या लांबीतील फरक नगण्य आहे.

विमान प्रत्यक्षात याच रेषेवरून उडते का?

तंतोतंत नाही. विमाने ठरावीक हवाई मार्गांवरून जातात आणि मुंबईहून आग्नेय आशियाकडे जाणारे मार्ग बऱ्याचदा चेन्नईच्या बाजूने समुद्रावर जातात. प्रवाशांना हा वळसा वाटतो, पण गणित करून पाहिले तर गंमत कळते. मुंबई ते चेन्नई सुमारे १,०३० आणि चेन्नई ते सिंगापूर सुमारे २,९२० किलोमीटर, म्हणजे अगदी चेन्नईच्या डोक्यावरून गेले तरी एकूण अंतर ३० ते ४० किलोमीटरनेच वाढते. विमानाच्या वेगाने ही तीन मिनिटे झाली. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेनुसार घ्यावे लागणारे वळण, ढग टाळण्यासाठी बदललेला मार्ग आणि उतरण्याआधीची रांग हे सगळे धरून विमान प्रत्यक्षात चार हजार किलोमीटरांच्या आसपास अंतर कापते.

उपसागरावर जमिनीवरील रडार पोहोचत नाही. तेथे विमान आपले स्थान उपग्रहामार्फत आपोआप कळवत राहते आणि नियंत्रकांशी बोलणे मुख्यतः लिखित संदेशांनी किंवा लांब पल्ल्याच्या रेडिओवर होते. त्यामुळे या पट्ट्यात दोन विमानांमधले अंतर जमिनीवरच्यापेक्षा जास्त राखावे लागते आणि हवी ती उंची दर वेळी मिळतेच असे नाही. चेन्नईच्या नियंत्रणाखालील हद्द संपली की विमान मलेशियाच्या आणि शेवटी सिंगापूरच्या नियंत्रकांकडे सोपवले जाते.

आणखी एक कारण खास या मार्गाचे आहे. श्रीहरिकोटा येथून उपग्रह सोडला जाणार असेल किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्राची चाचणी होणार असेल, तर उपसागरावरील ठरावीक भाग काही तासांसाठी विमानांना बंद केला जातो. त्याची सूचना आधीच निघते आणि विमाने बाजूने जातात. प्रवाशाला याचा पत्ताही लागत नाही, फार तर दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात.

प्रत्यक्ष उड्डाणाला किती वेळ लागतो आणि तिकिटावर तो जास्त का दिसतो?

थेट विमान हवेत साधारण चार तास पन्नास मिनिटे ते सव्वापाच तास असते. तिकिटावरचा वेळ मात्र एका विमानतळावरील जागेवरून विमान हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर ते थांबेपर्यंतचा असतो. मुंबईहून जाताना तो सुमारे सव्वापाच ते पाच तास चाळीस मिनिटे आणि येताना सुमारे साडेपाच ते सहा तासांच्या दरम्यान छापलेला आढळतो.

मधला फरक कशात जातो, हे मुंबईच्या प्रवाशाने खिडकीतून पाहिलेले असते. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने उड्डाणे चालवता येत नाहीत आणि बहुतेक वेळ सगळा भार एकाच धावपट्टीवर असतो. दार बंद होते, विमान मागे ढकलले जाते, पट्टे बांधून सगळे तयार असतात आणि समोर चार-पाच विमानांची शेपटे रांगेत दिसत असतात. वीस-पंचवीस मिनिटे यात सहज जातात. विमान कंपन्या हा वेळ धरूनच वेळापत्रक बनवतात. म्हणून निघायला वीस मिनिटे उशीर झालेले विमान सिंगापूरला वेळेवर, क्वचित वेळेआधीही पोहोचलेले दिसते. त्यात वैमानिकाने वेग वाढवल्याचा भाग थोडा आणि वेळापत्रकातील सैल जागेचा भाग मोठा असतो.

विमानाच्या जातीमुळे वेळेत किती फरक पडतो?

थोडाच. आसनांमधून दोन वाटा असलेली रुंद विमाने, म्हणजे एअरबस ए३५० किंवा बोईंग ७८७, ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात, तर मधे एकच वाट असलेली ए३२० किंवा ए३२१ जातीची विमाने ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. चार हजार किलोमीटरांत हा फरक वीस मिनिटांचा होतो. पाच तास अरुंद आसनात काढायचे की नाही, हा प्रश्न त्या वीस मिनिटांपेक्षा मोठा आहे, आणि साठीच्या पुढच्या किंवा गुडघेदुखी असलेल्या प्रवाशासाठी तिकीट काढताना विमानाची जात पाहणे आम्हाला वेळ पाहण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

जाताना आणि येताना लागणारा वेळ वेगळा का असतो? पावसाळ्यात त्यात काही बदल होतो का?

शाळेत शिकलेले साधे उत्तर असे की, उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी असतो आणि परतताना समोरून येतो. उत्तर भारतावरून जाणाऱ्या विमानांना, विशेषतः हिवाळ्यात, हे पुरेपूर लागू पडते. मुंबई-सिंगापूर मार्ग मात्र दक्षिणेकडे झुकलेला असल्याने त्या जोरदार पश्चिमी प्रवाहाच्या कडेकडेनेच जातो. त्यामुळे हिवाळ्यातही फरक साधारण दहा-वीस मिनिटांचाच राहतो.

पावसाळ्यात चित्र पालटते. जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारतावर फार उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक वेगवान जेट प्रवाह तयार होतो. तिबेटच्या पठाराकडील तापलेली हवा आणि विषुववृत्ताकडील तुलनेने थंड हवा यांच्यातील तफावतीतून तो निर्माण होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. या प्रवाहाचा गाभा १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानांच्या वर असतो, पण १०-१२ किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानालाही त्याची झळ लागते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सिंगापूरला जाताना वारा समोरून आणि परतताना पाठीशी असू शकतो, जाण्यायेण्यातील नेहमीचा फरक कमी होतो आणि एखाद्या दिवशी तो उलटाही होतो. छापील वेळापत्रक सबंध हंगामासाठी असल्यामुळे त्यात हे दिसत नाही.

अर्थात पावसाळ्यात परतताना वाऱ्याने वाचवलेली मिनिटे मुंबईवरच्या घिरट्यांत खर्ची पडण्याची शक्यता असते. मुसळधार सरीत दिसणे कमी झाले की विमानांना वरच थांबवले जाते, आणि फारच वेळ लागला तर अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूरकडे वळवले जाते. अशा वेळी पाच तासांचा प्रवास दहा तासांचा होतो आणि त्यात कोणाचाच इलाज चालत नाही.

मुंबई आणि सिंगापूर यांच्या वेळेत किती फरक आहे?

अडीच तास. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या पुढे असते. मुंबईत दुपारचे बारा वाजलेले असताना तेथे अडीच वाजलेले असतात. दोन्ही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे करण्याची पद्धत नाही, म्हणून हा फरक वर्षभर कायम राहतो.

मात्र हा फरक सूर्याने ठरवलेला नाही, सरकारांनी ठरवलेला आहे. मुंबई आणि सिंगापूर यांच्या रेखांशांत सुमारे ३१ अंशांचे अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य मुंबईला सिंगापूरपेक्षा दोन तास पाच मिनिटांनीच उशिरा माथ्यावर येतो. उरलेली पंचवीस मिनिटे कागदावरची आहेत. सिंगापूरने १ जानेवारी १९८२ रोजी आपले घड्याळ अर्धा तास पुढे केले. मलेशियाने आपल्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही भागांसाठी एकच वेळ स्वीकारल्यामुळे शेजारी म्हणून सिंगापूरनेही ती घेतली. परिणामी तेथे वर्षभर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. सकाळी सहाला उठून फिरायला जाणाऱ्या मुंबईकराला तेथे पहिल्या दिवशी मिट्ट काळोख भेटतो. मुंबईनेही या बाबतीत कमी हट्ट केलेला नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी शहराची स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होती.

घड्याळांतील या अडीच तासांच्या फरकामुळे एक घोटाळा दर महिन्याला होतो. संकष्टीचा उपवास करणारी मंडळी घरच्या कॅलेंडरवरील मुंबईच्या चंद्रोदयात अडीच तास मिळवतात आणि मध्यरात्रीपर्यंत उपाशी बसतात. तसे करण्याची गरज नाही. मुंबईच्या कॅलेंडरवर रात्री साडेनऊ लिहिले असेल, तर सिंगापूरच्या घड्याळात तेथील चंद्रोदय साधारण त्याच सुमारास, थोडाफार पुढे-मागे होतो. नेमकी वेळ अक्षांशावरही अवलंबून असल्याने सिंगापूरसाठी काढलेले पंचांग पाहावे हे उत्तम.

तिकिटावरील निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा कशा वाचाव्यात?

दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असतात. उदाहरणार्थ, विमान मुंबईहून रात्री ११.३० वाजता निघाले आणि प्रवास पाच तास पंचवीस मिनिटांचा असला, तर मुंबईच्या घड्याळात पहाटेचे ४.५५ होतात. त्यात अडीच तास मिळवले की सिंगापूरची वेळ सकाळी ७.२५ येते. तिकिटावर त्यापुढे ‘+१’ असे लिहिलेले असते, म्हणजे पोहोचण्याची तारीख पुढच्या दिवसाची. उलट, सिंगापूरहून संध्याकाळी ७.०० वाजता निघालेले विमान पाच तास चाळीस मिनिटांनी तेथील घड्याळाच्या रात्री १२.४० वाजता, म्हणजे मुंबईच्या रात्री १०.१० वाजता उतरते. तारीख तीच राहते.

खरी चूक होते ती मध्यरात्रीनंतरच्या विमानांत. तिकिटावर १५ तारीख आणि ००.३० ही वेळ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते. पंधराव्या दिवशी दिवसभर निवांत सामान भरून रात्री निघालेल्या कुटुंबाचे विमान जवळजवळ चोवीस तास आधीच गेलेले असते. तिकीट हातात आल्याबरोबर ‘१४ तारखेला रात्री नऊ वाजता विमानतळावर’ असे घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. तारखेपेक्षा वार लिहिलेला जास्त बरा.

हॉटेलची नोंदणी करतानाही हेच ध्यानात घ्यावे. सकाळी साडेसातला उतरणाऱ्या प्रवाशाला खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीन वाजता मिळते. मधले पाच-सहा तास कोठे काढायचे, हे आधी ठरवलेले बरे.

रात्रीचे विमान घ्यावे की दिवसाचे?

मुंबईहून पूर्वेकडे जाणारी रात्रीची विमाने लोकप्रिय आहेत, कारण कार्यालयाचा दिवस वाया जात नाही आणि हॉटेलची एक रात्र वाचते. आमचे मत मात्र सावध आहे. युरोपच्या नऊ-दहा तासांच्या प्रवासात बऱ्यापैकी झोप होते, पण सिंगापूरचा प्रवास त्यासाठी फार आखूड आहे. उड्डाणानंतर जेवण वाढून होईपर्यंत सव्वा-दीड तास जातो, उतरण्याच्या पाऊण तास आधी दिवे लागतात आणि मधे जेमतेम तीन तास उरतात. त्यात घड्याळ अडीच तास पुढे सरकलेले असते. सिंगापुरात सकाळी सात वाजता उतरलेल्या प्रवाशाच्या शरीराच्या दृष्टीने पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्याच सकाळी दहाला बैठक असेल, तर आदल्या दिवशीच्या दिवसाच्या विमानाने गेलेले चांगले. सहलीला जाणाऱ्या तरुणांना याची फिकीर नसावी.

परतताना हा त्रास जाणवत नाही. दिवस अडीच तासांनी लांबतो आणि माणूस घरी येऊन नेहमीपेक्षा लवकर पेंगतो, एवढेच.

वाटेत विमानाला हेलकावे बसतात का? त्यामुळे वेळ वाढतो का?

या मार्गावर हेलकावे बसतात, हे सरळ सांगितलेले बरे. बंगालच्या उपसागराचा दक्षिण भाग आणि मलाक्काची सामुद्रधुनी हा विषुववृत्ताजवळील उंच गडगडाटी ढगांचा प्रदेश आहे. हे ढग पंधरा किलोमीटरांच्या वरही जातात, म्हणजे विमानाला त्यांच्यावरून जाता येत नाही, बाजूनेच जावे लागते. रडारवर ढग दिसले की वैमानिक परवानगी घेऊन वळसा घालतात आणि त्यात पाच-दहा मिनिटे जातात. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला म्यानमारवर जोरदार झटके बसून एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि विमान बँकॉकला उतरवावे लागले. मुंबईच्या मार्गापासून ती जागा बरीच उत्तरेला आहे, पण कारण त्याच जातीच्या हवामानाचे आहे. तेव्हापासून पट्टा बांधण्याच्या सूचनेकडे कर्मचारी अधिक काटेकोरपणे पाहतात, काही वेळा चहा-कॉफी देणेही थांबवतात. बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना, बांधलेलाच ठेवावा.

सिंगापूरला पोहोचताना आणखी एक स्थानिक प्रकार आडवा येतो. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात रात्री सुमात्रावर किंवा सामुद्रधुनीत तयार झालेली वादळी ढगांची रांग पहाटे ते सकाळच्या दरम्यान सिंगापूरवर येऊन धडकते. तेथे या वादळांना ‘सुमात्रा’ असेच म्हणतात. ती तास-दोन तासांत ओसरतात, पण मुंबईहून रात्री निघालेली विमाने नेमकी त्याच वेळी उतरण्याच्या रांगेत असतात. त्या दिवसांत सकाळी उतरून लगेच पुढचे विमान पकडायचे असेल, तर मधे किमान दोन तास ठेवावेत.

थेट विमान घ्यावे की एक थांबा असलेले?

सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया आणि इंडिगो यांची मुंबईहून थेट विमाने आहेत. वेळा मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे हंगाम बदलताना बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नये. क्वालालंपूर, बँकॉक, कोलंबो किंवा भारतातील दुसऱ्या शहरातून जाणारे तिकीट अनेकदा स्वस्त पडते, पण एकूण प्रवास आठ ते चौदा तासांचा होतो. क्वालालंपूरचा थांबा सर्वांत कमी अंतर वाढवतो, कारण ते वाटेवरच आहे. वेळ मात्र थांब्यात जातो. दोन स्वतंत्र तिकिटे काढून प्रवास जोडला असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शिवाय सामान मधे काढून पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी त्या देशात प्रवेशाची परवानगी लागू शकते. चार जणांच्या कुटुंबासाठी वाचणारे पैसे मोजताना हा धोकाही मोजावा.

विदर्भातील प्रवाशांसाठी गणित वेगळे आहे. नागपूरहून पश्चिमेकडे मुंबईला येऊन पुन्हा पूर्वेकडे जाण्यापेक्षा हैदराबाद किंवा चेन्नईहून थेट विमान घेणे अंतराच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. चेन्नई ते सिंगापूर थेट प्रवास सव्वाचार तासांच्या आत-बाहेर होतो.

पुण्याहून निघणाऱ्यांनी किती वेळ धरावा?

पुण्याहून सिंगापूरला थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये विस्तारा कंपनीने सुरू केली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली. आपल्या तारखेला पुण्याहून थेट विमान उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे. असेल तर ते घ्यावे, कारण नसल्यास होणारा प्रकार काहीसा विनोदी आहे. पुणेकर दीडशे किलोमीटर पश्चिमेकडे मुंबईला जातो, तेथे तीन तास थांबतो आणि मग विमानात बसून उड्डाणानंतर वीस-पंचवीस मिनिटांत आपल्याच घराच्या आसपासच्या आकाशातून पूर्वेकडे निघून जातो.

द्रुतगती महामार्गाने मुंबई विमानतळ गाठायला वाहतूक सुरळीत असताना तीन ते साडेतीन तास लागतात. शुक्रवारची संध्याकाळ, सलग सुट्ट्या आणि पावसाळ्यातील घाट यांसाठी आणखी दीड तास हाताशी ठेवावा. घरातून निघाल्यापासून सिंगापूरच्या हॉटेलपर्यंत पुणेकराचे चौदा तास धरावेत. दादरहून निघणाऱ्याला अकरा-साडेअकरा पुरतात.

आणखी एक सूचना दोघांनाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. ‘मुंबई’ म्हटल्यावर आता दोन जागा संभवतात. तिकिटावर विमानतळाचे पूर्ण नाव वाचूनच गाडी बुक करावी.

पाकिस्तानची हवाई हद्द बंद असल्याचा या मार्गावर परिणाम होतो का?

नाही. एप्रिल २०२५ पासून ती हद्द भारतीय विमानांना बंद आहे, पण मुंबई-सिंगापूर मार्ग त्या दिशेला जातच नाही.

विमाने आल्यापासून हा प्रवास सतत वेगवान होत आला आहे का?

एका मोठ्या उडीनंतर तो जवळजवळ तेथेच थांबला आहे. बोटीने मुंबईहून श्रीलंकेला वळसा घालून सिंगापूरला जायचे तर सुमारे २,४०० सागरी मैल पडतात, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांच्या चांगल्या वेगानेही पाच दिवस. एअर इंडियाने १९५४ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन जातीच्या, पंख्यांवर चालणाऱ्या विमानांनी सिंगापूरची सेवा सुरू केली. त्यांचा वेग आजच्या विमानांच्या निम्म्याहून थोडा अधिक होता. १९६० मध्ये कंपनीकडे बोईंग ७०७ आले आणि वेग ताशी ९०० किलोमीटरांवर गेला. आजची विमाने कमी इंधनात आणि कमी आवाजात जातात, पण त्याहून जलद जात नाहीत. उलट वाढलेल्या गर्दीमुळे जमिनीवरचा वेळ वाढला आहे.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे येत आहेत. त्यांना घ्यायला चांगी विमानतळावर कधी पोहोचावे?

विमान उतरण्याच्या वेळेनंतर साधारण पाऊण ते एक तासाने प्रवासी बाहेर येतात. चांगीवर सामान लवकर येते. वेळ जातो तो इमिग्रेशनच्या रांगेत, विशेषतः सकाळी अनेक विमाने एकदम आली की. व्हीलचेअर मागितली असेल, तर विमानातून सर्वांत शेवटी उतरवले जाते, पण पुढे रांग टळते, म्हणून एकूण वेळ जवळपास तेवढाच राहतो. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, आयत्या वेळी काउंटरवर नव्हे.

भारतीय पासपोर्टधारकांना सिंगापूरसाठी व्हिसा लागतो. त्याखेरीज प्रत्येक प्रवाशाला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. तो विनामूल्य आहे; पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही असे समजावे. आई-वडिलांसाठी तो मुलांनी सिंगापुरातूनच भरून त्याची प्रत फोनवर आणि कागदावर अशी दोन्हीकडे पाठवावी. पत्ता विचारल्यावर दाखवता यावा म्हणून घराचा पत्ता आणि आपला तेथील फोन क्रमांक इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातसामानात, पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावी. चांगीला चार टर्मिनले आहेत, तेव्हा त्यांचे विमान कोणत्या टर्मिनलला लागते हे त्याच सकाळी पुन्हा तपासून मगच घरून निघावे.